वखारीतला चुरा, परड्यातली वांगी आणि मोती

'आक्का, नमस्कार. मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. घरी सासू-सासरे, आम्ही दोघं, पाच वर्षांची मुलगी आणि नुकता रांगायला लागलेला अकरा महिन्यांचा मुलगा. मोती नावाचा कुत्रा आहे आणि माळ्यावर मांजरीनं तीन पिल्लं घातलीत. परड्यात वांगी, मिरची, टोमॅटो, दोडका आहे. सासूबाईंचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं. त्या तंबाखूचा चुरा उकळतात, त्यात साबण घालतात आणि ते पाणी झाडांवर मारतात. मोरीत, ओट्याखालीही शिंपडतात. म्हणतात, "दुकानातलं औषध म्हंजे इख. हे आपल्या घरचं, ह्येला काय हुतंय?" मागच्या आठवड्यात मोतीनं त्या बादलीत तोंड घातलं. अर्ध्या तासात तोंडाला फेस, ओकाऱ्या, मागचे पाय लटपटायला लागले. जनावरांच्या डॉक्टरांनी रात्रभर सलाईन लावून वाचवला. तेव्हापासून मला बाळाची भीती वाटते. दुकानातलं जहाल औषध मलाही घरात नको आहे. मग मावा, झुरळं, डास ह्यांचं घरच्या घरी काय करायचं? वर्षाचं धान्यही भरायचं आहे. आणि सासूबाईंना न दुखवता हे सांगायचं कसं?
– एक सून, निपाणी'

ताई,

मोती वाचला हे वाचून जीव भांड्यात पडला. बाकीचं सगळं सांगते, पण आधी ती बादली. तंबाखूचं पाणी उरलं असेल तर आजच संपवा. हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या घाला, घरापासून आणि आडापासून लांब, जनावर फिरकत नाही अशा जागी हातभर खड्डा काढा, त्यात ओता आणि वर माती ओढा. गटारात नको, ओढ्यात नको. ती बादली आणि ढवळायची काठी पुन्हा घरकामाला घेऊ नका. ओट्याखालची आणि मोरीजवळची फरशी साबणाच्या पाण्यानं दोनदा पुसा, फडकं टाकून द्या. बाळ रांगतं, हात तोंडात घालतं, तेव्हा हे काम उद्यावर ढकलू नका.

तंबाखूच्या पाण्यानं मावा मरतो हे खरं आहे, सासूबाई काही चुकीचं सांगत नाहीत. तो मरतो निकोटिनमुळे. निकोटिन किड्याच्या मज्जातंतूंवर जसं काम करतं, तसंच कुत्र्याच्या आणि माणसाच्याही करतं. किड्यापुरतं थांबायचं त्याला कळत नाही. शिवाय ते कातडीतून अंगात शिरतं. तंबाखूची दवानं ओली झालेली पानं तोडणाऱ्या मजुरांना मळमळ, डोकेदुखी, गरगरणं होतं ते ह्याचमुळे, तंबाखू तोंडात न घालतासुद्धा. निकोटिन सल्फेट नावाचं कीटकनाशक पूर्वी बाजारात मिळायचं. तेही तंबाखूपासूनच केलेलं. १९९२ साली आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आली. म्हणजे दुकानातून जे विष म्हणून उठवलं, तेच आपण चुलीवर उकळत होतो, आणि तेही मापाशिवाय. आजच्या चुऱ्यात निकोटिन किती, उद्याच्या किती, हे डोळ्यांना दिसत नाही. तुमच्या परड्यापुरती आणखी एक गोष्ट: तंबाखूच्या पानात मोझॅक नावाचा विषाणू असतो आणि तो वाळलेल्या चुऱ्यातही टिकतो. चुरा हाताळलेल्या हातांनी मिरची-टोमॅटोच्या रोपांना हात लावला की रोग तिकडे जातो. पानं चट्ट्यापट्ट्यांची, वाकडीतिकडी होतात आणि मग त्यावर औषध नाही.

'आपल्या घरचं, ह्याला काय होतंय' हे वाक्य मी ह्या सीमाभागात घरोघरी ऐकलं आहे आणि ते म्हणणाऱ्यांच्या मनात पोराबाळांची काळजीच असते. म्हणून मला ते तोडून टाकायचं नाही, पण खोडून काढायचं आहे. कण्हेर आपल्या परड्यातलीच आहे, पण ती हृदय बंद पाडते. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा सुजतो. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून पोरं खातात आणि दवाखान्यात पोचतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावतात. ती डोळ्यात उतरली तर बुबुळाला इजा होते. शेतासाठी दहा झाडांचा पाला कुजवून जो दशपर्णी अर्क करतात त्यात बहुतेक वेळा ह्यांतली दोन-चार झाडं असतात. ज्यांचं शेत आहे, वेगळी जागा आहे, पिंप झाकून ठेवायची सोय आहे, त्यांनी तो जरूर करावा. रांगतं बाळ असलेल्या घराच्या मागच्या दारी तो महिनाभर कुजत ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मला हे शिकवलं आमच्या मांजरीनं. तिच्या अंगावर पिसवा झाल्या होत्या. मी निलगिरीचं तेल खोबरेल तेलात मिसळून तिच्या मानेला आणि पाठीला चोळलं. वासानं पिसवा पळतील, शिवाय झाडाचंच तेल. मांजर अंग चाटतं, हे मला माहीत होतं. पण त्याचा अर्थ माझ्या लक्षात आला नाही. तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, मग थरथर, मग ती पाटाखाली जाऊन पडली आणि हाक मारली तरी मान उचलेना. डॉक्टरांनी तिला साबणानं धुवायला लावलं, दोन दिवस ठेवून घेतलं, म्हणून ती वाचली. तिथं मला कळलं की आपल्या यकृतात असली तेलं मोडून बाहेर टाकायची जी सोय असते, ती मांजरात फार कमी असते. निलगिरी, टी ट्री, पुदिन्याचं तेल, संत्र्या-लिंबाच्या सालींचं तेल, ह्यांतलं काहीही मांजराच्या अंगाला लावायचं नाही. तुमच्या माळ्यावर तर तीन पिल्लं आहेत. म्हणून घरचं की दुकानचं हे नंतर विचारा. आधी विचारा, हे कोण चाटणार आहे, कोण ह्यावर रांगणार आहे आणि हे किती दिवस तिथं राहणार आहे.

आता परड्यात चला. सकाळी वांग्याचं पान उलटं करून बघा. शिरेला चिकटून हिरवे-काळे बारीक ठिपके दिसतील आणि बोट फिरवलं तर चिकट लागेल. तो मावा. त्याच फांदीवर मुंग्यांची रांग असेल. माव्याच्या अंगातून जो गोड चिकट रस पाझरतो तो मुंग्या खातात आणि त्या बदल्यात माव्याची राखण करतात. लेडीबर्ड ढालकिडा माव्याला खायला आला तर त्याला हाकलतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट तोडायची. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, बुंध्याभोवती रुंद कागदी पट्टी गुंडाळून तिच्यावर एरंडेल फासा. मग नळीनं किंवा तांब्यानं पानांच्या मागच्या बाजूला जोरात पाणी मारा. निम्मा मावा इथंच धुऊन जातो आणि पडलेला मावा सहसा परत चढत नाही. तीन दिवस लागोपाठ एवढंच करून बघा. पुष्कळ वेळा पुढच्या कशाचीच गरज पडत नाही.

पडलीच तर साबण आणि कडुनिंब. हे दोन माझे भरवशाचे, म्हणून ह्यांचं नीट सांगते.

साबणाचं पाणी मऊ अंगाच्या किड्यांवर चालतं: मावा, तुडतुड्यांची पिल्लं, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. किड्याच्या अंगावर मेणासारखा थर असतो, तो साबणानं विरघळतो आणि किडा सुकून मरतो. म्हणजे ते किड्याच्या अंगावर पडलं तरच उपयोग, पानावर वाळलं की काम संपलं. बाळाच्या आणि मोतीच्या दृष्टीनं हीच त्याची चांगली बाजू. लिटरभर पाण्याला लहान चमचाभर साधा अंगाचा साबण किसून पुरे. कपड्यांची पावडर नको, तिनं पानं करपतात. रिठा मिळाला तर उत्तम: सात-आठ फळं फोडून बिया काढा, साल रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. रिठ्याच्या पाण्यानं मासे मात्र मरतात, तेव्हा हौदात किंवा ओढ्यात त्याचा थेंब जाऊ देऊ नका. कुठलंही पाणी मारायच्या आधी दोन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी बघा. काकडीवर्गाची पानं नाजूक असतात, दोडक्याला जपून.

कडुनिंब वेगळ्या तऱ्हेनं काम करतो. त्यातलं अझाडिरॅक्टिन किड्याला ताबडतोब मारत नाही. पान कडू होतं म्हणून तो खायचं सोडतो, आणि अळीला कात टाकता येत नाही म्हणून तिची वाढ खुंटते. संध्याकाळी मारलं आणि सकाळी अळी हलताना दिसली म्हणून 'काही उपयोग नाही' म्हणू नका. चार-पाच दिवस द्या. उन्हात ते थोड्याच दिवसांत मोडून जातं, म्हणून सात-आठ दिवसांनी पुन्हा मारायचं, आणि मारायचं ते संध्याकाळीच. उन्हात पानं भाजतात, आणि संध्याकाळी मधमाश्या पोळ्यात परतलेल्या असतात.

प्रमाण सोपं आहे, कृतीत चुकतं. तेल पाण्यात मिसळत नाही. आधी पेलाभर कोमट पाण्यात साबण किंवा रिठ्याचं पाणी फेसाळ करून घ्या. मग लहान चमचाभर, म्हणजे ५ मिलि कडुनिंबाचं तेल थेंब-थेंब सोडत ढवळत राहा. मिश्रण दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. वर तेलाचे पिवळे डोळे तरंगले तर साबण कमी पडला, अजून घाला. मग ते लिटरभर करा आणि त्याच संध्याकाळी संपवा, मधूनमधून बाटली हलवत. उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. थंडीत तेल थिजतं. बाटली कोमट पाण्यात ठेवा, विस्तवावर धरू नका. दुकानात तयार कडुनिंबाचं औषध मिळतं, त्यावर ३००, १५०० किंवा १०००० पीपीएम असे आकडे असतात, म्हणजे त्यात अझाडिरॅक्टिन किती ते. ते घेतलंत तर माझा चमचा विसरा आणि बाटलीवरचं प्रमाण पाळा. दुकानदार कानडी असेल तर 'बेविन एण्णे' मागा. नुसतं 'एण्णे' म्हटलंत तर करंजाचं, म्हणजे 'होंगे'चंही पुढ्यात येईल.

आणि कडुनिंबाबद्दलही डोळे झाकून राहू नका. ह्याच तेलाचा चमचाभर तान्ह्या बाळाच्या पोटात गेला तर झटके येतात, यकृत बिघडतं. जंतांवर, खोकल्यावर बाळाला ते पाजायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. मांजरीलाही लावू नका. बाटली कुलपात राहिली पाहिजे.

पाला आणताना झाड नीट ओळखा. आपल्याकडे रस्त्याकडेला बकाण निंबही असतो. कडुनिंबाच्या एका काडीला दोन्ही बाजूंनी पानं लागतात आणि फूल पांढरं. बकाणाच्या काडीला पुन्हा बारीक काड्या फुटतात, पानं त्यांना, आणि फूल जांभळट. बकाणाची पिवळी फळं कुत्र्यानं खाल्ली तर त्याला विषबाधा होते.

वांग्याचा शेंडा सुकून मान टाकतो आणि फळाला भोक दिसतं, ती शेंडे-फळ पोखरणारी अळी. ती आत बसलेली असते, वरून काहीही मारा, तिला लागत नाही. आठवड्यातून एकदा फिरून सुकलेले शेंडे अळीसकट चिमटून काढा, किडकी वांगी तोडा आणि सगळं साबणाच्या पाण्यात बुडवा. उकिरड्यावर टाकलं तर पतंग होऊन परत येते. पांढऱ्या माशीसाठी पिवळ्या पत्र्याला किंवा पिवळ्या डब्याच्या झाकणाला एरंडेल फासून रोपांच्या उंचीवर टांगा.

मिरची-लसणाचं पाणी लोक फार सांगतात. लसणाचा एक गड्डा, चार-पाच तिखट संकेश्वरी मिरच्या, वाटून लिटरभर पाण्यात रात्रभर, सकाळी दुहेरी फडक्यानं गाळून. किडा दूर ठेवायला ठीक आहे. पण वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून मारू नका, मुलगी जवळ असताना तर नकोच. आणि तो चोथा मोतीला सापडेल असा टाकू नका: लसूण-कांद्यानं कुत्र्या-मांजरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. एरंडीच्या पेंडीचं त्याहून वाईट. खत म्हणून ती रोपांना घालतात, कुत्र्याला तिचा वास आवडतो, ती उकरून खातो आणि मरतो. निंबोळी पेंड घाला, एरंडीची आणू नका.

स्वयंपाकघरात माझा सूर बदलतो. तिथं मारायचं काही सांगण्याआधी पाणी बंद करा असं सांगेन. झुरळ खाण्यावाचून महिनाभर तग धरतं, पाण्यावाचून मात्र आठ-पंधरा दिवसांत मरतं. रात्री मोरी आणि ओटा फडक्यानं कोरडा करा, मोरीच्या जाळीवर ताटली उपडी घाला, गळका नळ दुरुस्त करून घ्या, मोतीचं पाण्याचं भांडं रात्री उचलून ठेवा, फ्रिजमागची पाण्याची ताटली रिकामी करा. ओट्याच्या आणि भिंतीच्या फटी पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. मग सापळा: काचेची बरणी, आत केळ्याचा तुकडा, बरणीच्या तोंडापासून आत चार बोटं तेलाचा हात, बाहेरून कागद चिकटवलेला म्हणजे त्यांना चढता येईल. आत पडलेलं झुरळ तेलावरून वर येऊ शकत नाही. सकाळी साबणाचं पाणी ओता. समोर दिसलेल्या झुरळावरही साबणाचं दाट पाणी मारलं तर ते मरतं, कारण त्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रं बुजतात. बारीक तपकिरी झुरळाच्या एका अंडकोशात तीस-चाळीस पिल्लं असतात, म्हणून एका रात्रीत निकाल लागत नाही. महिना-दीड महिना नेटानं करावं लागतं.

बोरिक पावडरच्या गोळ्या घरोघरी करतात: कणीक, साखर, दूध आणि कॅरमवर टाकतो तीच पावडर. झुरळांवर त्यांचा गुण येतो, हे नाकारत नाही. पण गोड, मऊ, पेढ्यासारखी गोळी आणि रांगणारं बाळ एका घरात नको. बाळ मोठं होईपर्यंत तुमच्या घरी मी त्या करू देणार नाही. झुरळांचा खडूही नको. तो साध्या खडूसारखा दिसतो, पाच वर्षांची मुलगी पाटीवर ओढेल, आणि त्यात रासायनिक कीटकनाशकच असतं. डांबरगोळ्यांचंही तेच. त्या गोळ्या तोंडात गेल्या तर काही मुलांचं रक्त झपाट्यानं मोडतं.

डासांना घरगुती फवारा लागतच नाही. आता वळवाचे पाऊस सुरू झालेत, परड्यातल्या करवंट्या, फुटके डबे, टायर आजच उपडे करा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून पिंपं भरलेली असतात, आणि डेंगीचा डास नेमक्या त्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातला एक वार ठरवा, पिंप रिकामं करा आणि आतल्या कडा काथ्यानं घासा. नुसतं ओतून उपयोग नाही, अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने जगतात. मग तोंडाला सुती कापड घट्ट बांधा. मोठ्या हौदात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात विचारा. बाळाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, हा डास दिवसा चावतो. कडुनिंबाच्या पाल्याची धुरी बाळाच्या खोलीत करू नका. धूर छातीत जातो, तो कशाचा आहे ह्यानं फरक पडत नाही. कापूर कडुनिंबाच्या तेलात घालून दिवा लावतात, तोही नको. कापराची एक वडी मुलानं गिळली तरी झटके येऊ शकतात.

धान्याचं. गहू-ज्वारी दोन-तीन कडक उन्हं देऊन, पूर्ण गार झाल्यावर डब्यात भरा. गरम भरलं तर आत घाम धरतो आणि कीड लागते. डाळी-कडधान्यांना किलोला चमचाभर एरंडेल किंवा गोडं तेल चोळा, भुंग्याची अंडी त्यात तगत नाहीत. सावलीत कडकडीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला थराथरात घाला. तांदळाला बोरिक पावडर लावायची पद्धत आहे, ती मोडा, ती पोटात जाते. आणि गव्हात घालायच्या त्या करड्या गोळ्या, ज्यांतून वायू सुटतो, त्या कुणी दिल्या तरी घरात आणू नका. त्यांच्या वायूनं झोपेत माणसं गेली आहेत आणि त्यावर उतारा नाही. सर्वसामान्यांना त्या विकायला परवानगीच नाही.

मोतीच्या गोचिडांवर घरगुती काही चोपडू नका. चिमट्यानं कातडीलगत धरा, सरळ ओढा, साबणाच्या पाण्यात टाका, आणि औषध डॉक्टरांकडूनच घ्या. त्याचं औषध मांजरीला कधीच लावायचं नाही. कुत्र्यांच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन असतं. ते शेवंतीच्या जातीच्या एका फुलातल्या विषावरून तयार केलेलं, आणि मांजराला ते मारक. पिल्लांना बारीक फणी आणि शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी एवढंच. त्यांची गोधडी गरम पाण्यात धुवा. (खानापूर-कणकुंबीच्या जंगलाकडेला राहणाऱ्यांनी गोचिडाला हलकं घेऊ नये. १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप गोचिडानं पसरतो, आणि पुढं सत्तरी-दोडामार्गकडेही तो आला. तिथं झाडपाल्यावर भिस्त ठेवू नका, आरोग्य केंद्राचं ऐका.)

जे काही कराल ते सरबताच्या, पाण्याच्या बाटलीत भरू नका. निम्मे अपघात इथूनच होतात असं मला वाटतं. वेगळ्या आकाराचा डबा, त्यावर मोठ्या अक्षरांत 'विष', मराठीत आणि कानडीतही. शब्द दोन्हीकडे एकच आहे. मुलाच्या किंवा जनावराच्या पोटात काही गेलंच तर मीठपाणी पाजून ओकारी काढायला जाऊ नका. तोंड पुसा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून धुवा, डबा बरोबर घ्या आणि दवाखाना गाठा, माणसासाठी १०८.

राहिल्या सासूबाई. त्यांना 'तुम्ही विष शिंपडत होता' असं म्हणू नका. मोतीच्या दुखण्यानं त्यांचंही मन खालीवर झालं असणार. त्यांना वखारीतल्या दिवसांबद्दल विचारा. नवी बाई कामाला आली की पहिल्या आठवड्यात तिला गरगरायचं, पाणीसुद्धा पोटात ठरायचं नाही, आणि बाकीच्या म्हणायच्या, 'तंबाखू लागली.' हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं आहे, कदाचित अंगावरही काढलं आहे. मोतीलाही तीच तंबाखू लागली, एवढं म्हणा. पुढचं त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि चुऱ्याचं काम काढून घेताना त्यांच्या हाताला दुसरं काम द्या. जून-जुलैत निंबोळ्या पिकून पडतील. तुमच्याकडे झाडं कमी असली तर अथणी-रायबागकडचे पाहुणे पिशवीभर आणून देतील. पिकलेल्या निंबोळ्यांचा गर धुऊन काढायचा, बिया सावलीत वाळवायच्या, गोणपाटाच्या पिशवीत हवा लागेल अशा टांगायच्या. प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते आणि बुरशीची बी वापरायची नाही. तीन महिने मुरू द्यायच्या, आठ-दहा महिन्यांच्या आत संपवायच्या. दसऱ्याच्या सुमारास टरफल काढून ५० ग्रॅम गर जाडसर कुटायचा, फडक्यात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायचा, सकाळी पिळून गाळायचं, चिमूटभर साबण घालून संध्याकाळपर्यंत सावलीत झाकून ठेवायचं आणि ऊन उतरलं की मारायचं. अडलं तर होबळीच्या, म्हणजे आपल्या गावगटाच्या, रैत संपर्क केंद्रात किंवा मत्तीकोप, तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा. बी चांगली वाळली की नाही हे मात्र सासूबाईंनाच बघू दे. वखारीत पान हातात चुरून किती वाळलं हे सांगणारे हात आहेत ते.

तुमची,
आक्का